‘नक्कल’ हें अस्सल साधन : शालेय नाटकाच्या तालमींतील एक प्रकरण

मराठी नाटकमंडळ्यांच्या परिभाषेंतील दोन शब्दांकडे इतिहाससंशोधकांनीं अवश्य लक्ष द्यावें असें मला वाटतें. पहिला ‘तालीम’ व दुसरा ‘नक्कल’. ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द; त्याचा अर्थ शिक्षण, अध्यापन. मल्लांच्या आखाड्यास व नटांच्या पूर्वाभ्यासास मराठीनें तोच शब्द लाविला. ‘नक्कल’ म्हणजे एका नटास त्याच्या भूमिकेपुरतीं उतरून दिलेलीं भाषणें. दप्तरखान्यांत मात्र ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे परस्परविरोधी शब्द आहेत; अस्सल हातीं आल्यावर नकलेस कोणी विचारीत नाहीं. या शब्दसाम्यामुळेंच कीं काय, नाटकाच्या नकलांकडे संग्राहकांचा हात सहसा जात नाहीं. ही नक्कल अस्सल कागदाच्या तोडीची साक्ष देते, आणि प्रसंगीं ती लिहिणाराच्या स्वतःच्या आठवणीसहि खोटें पाडते, हें एका लहानशा प्रकरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. प्रकरण शाळेंतील नाटकाचें आहे, राजकारणाचें नाहीं. परंतु पुराव्याचे नियम दोहोंकडे सारखेच.

ज्यांनीं नक्कल हाताळली नसेल त्यांच्याकरितां तिचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. संपूर्ण नाटकाची प्रत तालीममास्तराच्या किंवा प्रॉम्प्टरच्या हातीं असे. नटास केवळ त्याचींच भाषणें उतरून मिळत. प्रत्येक भाषणाच्या डोक्यावर आधींच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द लिहीत व त्यांखालीं रेघ ओढीत. ते शब्द कानावर पडले कीं आपण बोलावयाचें, अशी ती खूण. त्या शब्दांपूर्वीं दुसरें पात्र काय बोलतें, हें नकलेंत नसे. या रीतीनें कागद वांचे व लेखनिकाचे श्रमहि वांचत. परंतु नकलेचा सगळा जीव त्या दोन-तीन शब्दांत जाऊन बसे. ते चुकले तर बाकीची नक्कल कितीहि शुद्ध असली तरी व्यर्थ.

विष्णुदास भाव्यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, तेव्हां अशा नकलांचें फारसें कारण नव्हतें. सूत्रधारानें पद्यें म्हणावीं व पात्रांनीं त्या अनुरोधानें प्रसंगोचित भाषणें करावीं, अशी ती पद्धति. भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ सालीं छापून निघाला, त्यामुळें पद्यें आपणांस उपलब्ध आहेत. पात्रांच्या तोंडचीं भाषणें मात्र बोलतां बोलतांच विरून गेलीं. विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालीं प्रसिद्ध झालें. तेथपासून भाषण अक्षरशः लिहिलेलें असण्याची चाल पडली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, तोंवर ती रुळली होती. भाषण ठरलेलें असलें कीं पाठांतर आलें, आणि पाठांतर आलें कीं नक्कल आली.

तालीममास्तर आणि शाळामास्तर हे आपल्याकडे पुष्कळदां एकाच घरचे, हेंहि ध्यानांत घ्यावें. अण्णासाहेब किर्लोस्कर हे कांहीं काळ बेळगांवास शिक्षक होते. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील विद्यार्थी, व पुढें ते स्वतःहि शिक्षक झाले. १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत दाखल झालेल्या नारायणराव राजहंसांस, म्हणजे बालगंधर्वांस, याच देवलांची तालीम मिळाली. वर्गांत कविता शिकविणाऱ्यानें रंगभूमीवर गद्य बोलावयास शिकवावें, यांत त्या काळच्या लोकांस कांहीं वावगें वाटलें नाहीं.

हा संबंध आपल्याकडेच होता असेंहि नव्हे. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचे १५६१ ते १५८६ पर्यंतचे मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर हे आपल्या विद्यार्थ्यांकडून नाटकें बसवून घेऊन तीं एलिझाबेथ राणीच्या दरबारीं करीत. त्यांचा एक विद्यार्थी जेम्स व्हाइटलॉक पुढें न्यायाधीश झाला. त्यानें आपल्या घराण्याच्या टिपणवहींत असें नमूद करून ठेविलें आहे कीं, या नाटकांच्या योगें गुरुजी आम्हांस चांगली वागणूक व सभाधीटपणा शिकवीत. ही वही १८५८ सालीं छापली गेली. त्या नाटकांच्या तालमी कशा होत, मल्कास्टर कोणत्या शब्दावर थांबवीत, कोणास रागें भरत, हें मात्र तींत नाहीं. तें ज्या कागदांवर असावयाचें, ते कागद मुलांच्या हातीं फाटून गेले असले पाहिजेत.

अशा कागदांचा टिकाव किती थोडा, याचें प्रमाण त्याच देशांत आहे. एलिझाबेथच्या काळांत तेथें शेंकडों नाटकें झालीं. परंतु त्या काळच्या धंदेवाईक इंग्रजी रंगभूमीवरील नटाची नक्कल म्हणून आज एकच दाखवितां येते. ती रॉबर्ट ग्रीनच्या ‘ऑर्लँडो फ्युरिओसो’ नाटकांतील नायकाची असून एडवर्ड ॲलेन या नटाच्या कागदपत्रांत राहिली. ॲलेननें १६१९ सालीं डलिच येथें विद्यालय स्थापन केलें, व त्या विद्यालयाच्या संग्रहांत ती सांपडली. कागदाच्या पट्ट्या जोडून केलेली ती गुंडाळी आहे. आधींच्या पात्राचे शेवटचे शब्द तींत आपल्या नकलांप्रमाणेंच दिले आहेत, आणि ॲलेनच्या हातच्या दुरुस्त्याहि आहेत. सदर नाटक १५९४ सालीं छापलें गेलें. छापील पाठ व हा पाठ ठिकठिकाणीं जुळत नाहींत. नाटक कसें छापलें गेलें हें एक कागद सांगतो, कसें बोललें गेलें हें दुसरा. डलिचची नक्कल एका विद्यालयानें सांभाळली. आतां जें प्रकरण सांगावयाचें, त्यांतील शिक्षकानें आपल्या नकला सांभाळल्या नाहींत; आणि तो शिक्षक म्हणजे प्रस्तुत लेखकच होय.

मीं चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें व प्रतिवर्षीं स्नेहसंमेलनाकरितां मुलांकडून एखादा संस्कृत प्रवेश बसवून घेतला. शाळेचें व विद्यार्थ्यांचीं नांवें देण्याचें येथें प्रयोजन नाहीं. डिसेंबर १९८९ मध्यें मीं कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’च्या तिसऱ्या अंकाचा आरंभींचा विष्कंभक निवडला. तो लहान असून त्यांत दोनच पात्रें आहेत, आणि दोन्हीं विद्यार्थीच : नाट्याचार्य भरतमुनींचे शिष्य. पहिला अग्निगृह राखण्यास मागें राहिलेला. दुसरा गुरूंबरोबर इंद्राच्या सभेस जाऊन आलेला. दुसरा तेथील हकीकत सांगतो. ‘लक्ष्मीस्वयंवर’ या नाटकाच्या प्रयोगांत उर्वशी लक्ष्मीची भूमिका करीत होती. तुझें मन कोणावर जडलें, असें मेनकेनें वारुणीच्या भूमिकेंतून विचारतांच ‘पुरुषोत्तम’ म्हणावयाचें त्या ठिकाणीं तिच्या तोंडून ‘पुरूरवा’ असें निघालें. त्या एका शब्दाकरितां भरतमुनींनीं तिला शाप दिला, व पुढें इंद्रानें त्यावर उतारा दिला. नाटक बसविणाऱ्या गुरूनें मुलांपुढें ठेवण्यास याहून उचित प्रवेश कोणता, असें मला तेव्हां वाटलें.

या प्रवेशांतील एक स्थळ पुढील विवेचनास आवश्यक आहे. दुसरा शिष्य प्रयोगाची स्तुति करतां करतां मध्येंच अडखळतो, आणि त्या अर्धवट राहिलेल्या वाक्यावरून पहिला तर्क करतो कीं, उरलेल्या भागांत कांहीं दोष दडलेला दिसतो. म्हणजे पहिल्यानें बोलावयाचें तें दुसऱ्याचें वाक्य नेमकें जेथें तुटतें तेथें. शिवाय पहिला शिष्य संस्कृत बोलतो व दुसरा प्राकृत. छापील पुस्तकांत प्राकृताची संस्कृत छाया निराळी दिलेली असते.

प्रयोगाच्या दिवशीं काय घडलें, याविषयीं माझी आठवण पुढीलप्रमाणें होती, व ती मीं तीस वर्षें सांगत आलों. दोघे मुलगे रंगमंचावर गेले, दुसऱ्यानें आपलें वाक्य म्हटलें, पहिला गप्प. दुसराहि त्याच्याकडे पाहत उभा राहिला. आंतून प्रॉम्प्टरनें कांहीं सुचविलें तें दोघांसहि कळेना. लोक हंसूं लागले. पहिल्या मुलाच्या हातांतील समिधा गळून पडल्या व पडदा पाडावा लागला. मीं पडद्याआड त्याला सर्वांसमक्ष बोललों कीं, ज्याचें पाठांतर नाहीं त्यानें रंगमंचावर पाय ठेवूं नये. तो मुलगा पुन्हां माझ्या तालमीस आला नाहीं. पुढें प्रतिवर्षीं नव्या मुलांस नकला वांटतांना मी हीच गोष्ट दृष्टान्त म्हणून सांगत असें. तींत भरतमुनींचा शाप येई, ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रयोगाचे जे घात सांगितले आहेत तेहि येत, आणि नटाकडून होणाऱ्या, म्हणजे आत्मसमुत्थ घातांत विस्मृतीची गणना आहे असें सांगून मी त्या मुलास शास्त्रार्थानें दोषी ठरवीत असें.

निवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें करतांना नकलांचे गठ्ठे मीं स्वतःच्या हातांनीं रद्दींत दिले. ‘हे कागद म्हणजे पोथ्या नव्हेत,’ असें मीच शिपायास म्हणालों. दोन वर्षांपूर्वीं घरची अमरकोशाची पोथी रुमालांतून काढली, तेव्हां तिला खालून आधार म्हणून घातलेलें एक जाड बाड हातीं लागलें. तें १९८९ सालच्या संमेलनाचें निघालें. त्यांत एक हजेरीपत्रक व सहा नकला आहेत. त्यांपैकीं दोन विष्कंभकाच्या. सर्व अक्षर माझें. कागद वहीचा, रेघांचा. शाई निळी, दुरुस्त्या तांबड्या शाईच्या.

पहिल्या शिष्याची नक्कल (हिला क म्हणूं) तीन पानांची आहे. समासांत तालमीच्या खुणा आहेत. उभी रेघ म्हणजे थांबणें. बाण म्हणजे त्या बाजूस वळणें. ‘हात खालीं’ व ‘लोकांकडे तोंड’ हीं वाक्यें प्रत्येक पानावर, कारण शाळेंतल्या मुलाचे हात रंगमंचावर त्याचे स्वतःचे राहत नाहींत, आणि सोबत्याशीं बोलतांना तो प्रेक्षकांस पाठ दाखवितो. पहिल्या पानाच्या माथ्यावर दोन रेघांनीं अधोरेखित अशी माझी सूचना आहे : ‘दुसऱ्याचें वाक्य पुरतें ऐकल्याखेरीज बोलूं नये.’ वादग्रस्त भाषणाच्या डोक्यावर दुसऱ्या शिष्याचे शेवटचे दोन शब्द दिलेले आहेत, ते प्राकृत. त्यांवर कोणतीहि दुरुस्ती नाहीं.

दुसऱ्या शिष्याची नक्कल (ख) चार पानांची आहे. तींत प्राकृत भाषणें सर्वत्र तांबड्या शाईनें खोडून वर संस्कृत छाया लिहिली आहे. समासांत ‘१९/१२, प्राकृत जमत नाहीं, छाया’ अशी नोंद आहे. एवढेंच असतें तरी प्राकृत व छाया यांच्या उच्चारसाम्यावरून पहिल्यास अंदाज करतां आला असता. परंतु वादग्रस्त ठिकाणीं मीं छाया देतांना वाक्यहि आटोपशीर केलें आहे. तुटलेल्या वाक्याऐवजीं तें पुरें करून टाकिलें, आणि ज्यांवर पहिल्यानें बोलावयाचें ते शेवटचे दोन शब्द अजीबात गाळले.

आतां हजेरीपत्रक. त्यांत रविवार वगळून ७ ते २० डिसेंबर असे बारा रकाने आहेत. १९ तारखेच्या रकान्यांत पहिल्या शिष्याच्या नांवापुढें ‘ग’, म्हणजे गैरहजर. २० तारखेच्या रकान्याखालीं आडवी नोंद : ‘रंगीत तालीम. पोषाखांत वेळ गेला. विष्कंभक राहिला.’ प्रयोग २१ तारखेस झाला.

तिन्हीं कागद एकत्र वाचले असतां निष्कर्ष टळत नाहीं. १९ तारखेस मीं ख बदलली. त्या दिवशीं पहिला मुलगा नव्हता. क बदलण्याचें राहिलें. २० तारखेस तो प्रवेश झालाच नाहीं. २१ तारखेस तो मुलगा रंगमंचावर उभा राहून जे शब्द ऐकण्याची वाट पाहत होता, ते शब्द मीं दोन दिवसांपूर्वीं खोडून टाकिले होते. वाक्य पुरतें ऐकल्याखेरीज बोलूं नये, ही माझीच आज्ञा तो अक्षरशः पाळीत होता. प्रॉम्प्टरच्या हातीं छापील पुस्तक होतें; त्यानें त्यांतील प्राकृत शब्द सुचविले, ते दुसऱ्यास परके झालेले आणि पहिल्यास त्या कुजबुजींत ओळखूं न येणारे. विस्मृति कोणाचीच नव्हती. झालीच असेल तर ती क दुरुस्त करावयास विसरलेल्या मास्तराची.

येथें एक आक्षेप संभवतो. क वर दुरुस्ती नाहीं, तरी २० किंवा २१ तारखेस मीं त्या मुलास बदल तोंडी सांगितला नसेल कशावरून? हा आक्षेप कागदावरून निरस्त होत नाहीं. म्हणून मीं त्या गृहस्थाचा पत्ता मिळविला. तो आतां पन्नाशीचा असून दुसऱ्या गांवीं असतो. साक्षीदारास उत्तर सुचवूं नये, म्हणून सांपडलेल्या कागदांचा उल्लेख न करतां मीं एवढेंच विचारलें कीं, त्या दिवसाविषयीं तुला काय आठवतें. त्याचें उत्तर चार ओळींचें आलें. त्यांतील प्रस्तुत भाग असा : ‘सर, तो पुढचें बोलायचा राहिला होता. मी थांबलों होतों. तुम्ही रागावलां तेव्हां सांगावेंसें वाटलें, पण मग वाटलें कीं आपलेंच चुकलें असेल.’ हें पत्र आल्यावर मीं दोन्हीं नकलांच्या छायाप्रती त्यास पाठविल्या, व सोबत जें लिहावयास हवें होतें तें लिहिलें.

आपल्या क्षेत्रांत राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ हा नियम आपण घोकीत आलों. बखरकार खोटें बोलतो असें नाहीं. तो घडलेल्या गोष्टीस शेवट माहीत झाल्यावर आकार देतो. माझी तीस वर्षांची गोष्ट ही अशीच एक बखर होती. तींत भरतमुनि होते, शास्त्र होतें, तात्पर्यहि होतें. नव्हती ती फक्त १९ तारीख. दुसऱ्यांच्या बखरी तपासतांना मीं जो नियम लाविला, तो स्वतःच्या आठवणीस लावण्याचें मला सुचलें नाहीं. ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या दोन अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो, तेव्हां शिष्येच्या प्रयोगावरून आचार्याची परीक्षा करावयाची असें ठरतें. हीं पानें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलीं. मुलगा रंगमंचावर गप्प उभा राहिला तेव्हां परीक्षा कोणाची चालली होती, हें मात्र मीं ओळखलें नाहीं. ‘नाट्यशास्त्रां’तील घातांच्या यादींत मीं आतां माझ्यापुरता एक वर्ग वाढविला आहे : आचार्यसमुत्थ.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. जुन्या नाटकमंडळ्यांच्या किंवा शाळांच्या नकला कोणाकडे निघाल्यास त्या छापील नाटकाशीं ताडून पाहिल्यावांचून टाकूं नयेत. समासांतील खुणा, शाईचा बदल, खाडाखोड, हजेरीचीं पत्रकें हीं सर्व जशींच्या तशीं राखावीं; तालमींत काय झालें हें सांगणारें दुसरें साधन बहुधा नसतें. आणि मुख्य म्हणजे, एका प्रयोगाच्या नकला एकमेकींपासून निराळ्या करूं नयेत. नामांकित नटाची म्हणून एक नक्कल ठेवून बाकीच्या सोडून देण्याचा मोह होतो. वरील प्रकरणांत एकटी क सांपडती, तर सर्व शब्द शुद्ध असूनहि मुलगा बोलला नाहीं, असेंच सिद्ध झालें असतें. एकटी ख सांपडती, तर मास्तरांनीं वेळेवर योग्य दुरुस्ती केली असें दिसलें असतें. त्या दोन नकला एकाच रुमालांत राहिल्या, म्हणून त्या मुलावरील आरोप उतरला. सदर बाड मीं मंडळाच्या संग्रहास दिलें असून, क व ख एकाच वेष्टनांत ठेवाव्या अशी विनंति केली आहे.